तबकातल्या तीन शाली

तबकात तीन शाली होत्या, तीन श्रीफळं होती. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयात पीएच.डी. झालेले आम्ही चौघे होतो. चौथी मी. तबक माझ्याच हातात होतं.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, सत्कार पूर्णवेळ प्राध्यापकांचा आहे. तुम्ही तासिकेवर. पण तो तुमचा तांड्यावरचा आरशांचा पोशाख घालून या. पाहुण्यांना आवडतो. तबक तुम्हीच धरा."

मी हो म्हटलं. दरवर्षीची माझी नेमणूक त्यांच्या सहीवर होती, हे कारण खरं आहे, पुरेसं नाही.

पोशाखासाठी याडीला, म्हणजे आईला, फोन केला. कशासाठी हवा ते सांगायची हिंमत झाली नाही. तिने तिचा अर्थ लावला. पांढरकवड्याहून पहिल्या गाडीने ती स्वतःच पोशाख घेऊन आली. स्वतः टाके घातलेला. आरसे पुसून आणलेले. सभागृहात दुसऱ्या रांगेत बसली.

पीएच.डी. म्हणजे काय, हे मी तिला एकदा समजावलं होतं. कपाशीच्या मुळांशी राहणाऱ्या एका जीवाणूबद्दलचा एक लहानसा प्रश्न. त्याचं उत्तर आधी कोणाकडेच नव्हतं. पाच वर्षांनी ते मी सिद्ध केलं. ती म्हणाली होती, "म्हंजे थे आंधी तुलेच ठाऊक झालं? मंग जगाले?" याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठेही वाचली नाही.

"डॉक्टर" म्हणून पहिलं नाव पुकारलं. शाल. दुसरं. शाल. तिसरी शाल उचलली गेली, तशी याडी उभी राहिली. पुढची पाळी आपल्या लेकीची, म्हणून.

"झालं. तबक आत ठेवा," प्राचार्य म्हणाले.

याडी उभीच. तिचा आवाज मंचापर्यंत आला, "तारो नाम? तुयं नाव कवा घेतीन थे?"

मागून कोणीतरी हसलं. शेजारच्या बाईंनी तिला पदर ओढून खाली बसवलं.

तबक मी आत नेलं नाही. प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि माईकपाशी गेले. "मीही याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. माझ्या प्रबंधाचा विषय सांगते." दुसऱ्या वाक्याला माईक बंद झाला. उरलेलं मी माईकशिवाय सांगितलं.

याडीला घरी सोडायला मीही परतीच्या गाडीत बसले. ती काचेकडे तोंड करून बसली. माझ्या होकाराची शिक्षा तिने भोगली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर छापलेल्या माझ्या नावाआधी मी पेनाने "डॉ." लिहिलं. बाबूंनी वर व्हाइटनर लावला. तो वाळू दिला; त्यावर पुन्हा लिहिलं. रोज लिहिते. त्या जागी आता पांढरा थर जाड झाला आहे. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही. न आलं, तर शेवटच्या दिवशीही लिहून निघेन.

पोशाख याडीच्या पेटीत आहे. पाहुण्यांसाठी तो पुन्हा निघणार नाही.