इटालियनमधून केलेलं भांडण

“पुढच्या हंगामात हेच क्षेत्र दुप्पट करता येईल?” दोत्तोरेस्सा पाओलांनी विचारलं.

“चेर्तो,” मी म्हणालो. म्हणजे ‘अर्थात’. इटालियनमधला हा माझा सगळ्यात घोटलेला शब्द.

भोकरदनच्या पुढच्या एका गावात, कांताबाईंच्या शेडनेटमध्ये आम्ही उभे होतो. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचं घर, आत मिरचीची झाडं. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. परदेशी कंपन्या आम्हाला मिरचीचे नर आणि मादी वाण पाठवतात, आम्ही गावातल्या कुटुंबांकडून त्यांचं संकरित बी तयार करून घेतो. सगळं हातानं. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी संध्याकाळी चिमट्यानं आतले पुंकेसर काढायचे, सकाळी तिला नर झाडाचे पराग लावायचे. आम्ही याला क्रॉसिंग म्हणतो. घाईत कळ्या सुटल्या आणि आपोआप फळल्या, की बियाण्यात भेसळ. भेसळ निघाली की लॉट नापास, आणि त्या घराची हंगामभराची मेहनत मातीत.

पाओला अशाच एका इटालियन कंपनीकडून प्लॉट बघायला आल्या होत्या. दोत्तोरेस्सा म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नव्हेत. इटलीत पदवी घेतलेल्या बाईला मानानं असं म्हणतात. हे मला कल्चरच्या पेपरामुळे माहीत. आमचे मालक, ज्यांना अख्खं ऑफिस भैयाजी म्हणतं, त्यांनी फी भरून मला संभाजीनगरच्या एका कॉलेजात इटालियनच्या कोर्सला घातलं होतं. दर शनिवारी मी जायचो. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची, मला अंकल म्हणायची आणि मायेनं नोट्स द्यायची. पहिली लेव्हल मी झोकात पास झालो, कारण तिच्यात कॉफी मागायची आणि स्टेशनचा रस्ता विचारायचा असतो. इंटरमीजिएटला अडकलो. तिथं तुम्हाला मत असावं लागतं. गोसावी मॅडम दर शनिवारी एक विषय द्यायच्या आणि दोन बाजू करून वाद घालायला लावायच्या. मी दोन्ही बाजूंशी सहमत व्हायचो.

“पाठक,” मॅडम एकदा म्हणाल्या, “तुमचं इटालियन बरं आहे. मताचं तेवढं बघा.”

पण वीसेक वर्षं ऑफिसात ‘हो साहेब’ म्हणून काढलेल्या माणसानं मत आणायचं कुठून?

तर शेडनेटमध्ये मी ‘चेर्तो’ म्हणालो. कांताबाईंनी विचारलं, “साहेब, काय म्हणून राह्यल्या बाई?”

“प्लॉट आवडला म्हणतात.”

“आन दुसरं बी काहीतरी म्हन्ल्या.”

“पुढच्या साली दुप्पट करा म्हणतात.”

“दुप्पट? मंग मानसं कुठून आणता? त्याच वक्ताला कापूस वेचायला येतो. आत्ताच बायका पुरून न्हाई राह्यल्या.”

“बघू,” मी म्हणालो.

तेवढ्यात भैयाजी जवळ आले. “पाठक, दोन बोटं दाखवली तिनं. डबल ना? बोल जल्दी.”

“हो भैयाजी, डबल.”

भैयाजी खुश, पाहुणीबाई खुश, कांताबाई बोटांवर बायका मोजत होत्या. मला वाटलं, दुभाष्याचं काम याहून वेगळं काय असतं.

जेवण कांताबाईंच्या ओसरीवर होतं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. दोत्तोरेस्सा भाकरी मोडत आरामात विचारत होत्या. तिप्पट जमेल? चेर्तो. बी दोन आठवडे आधी मिळेल? चेर्तो. एक लागवड ऐन उन्हाळ्यात घेता येईल? चेर्तो.

त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

“सिन्योर पाठक, मे महिन्यात या जाळीत पराग जिवंत राहतात का?”

मी पाण्याचा घोट घेतला. राहत नाहीत. हे आमच्या ऑफिसच्या वॉचमनलाही ठाऊक आहे.

“तुम्ही कशालाच नाही म्हणत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग इथं खरं काय चाललंय, ते मला कळणार कसं? माझं वाण मी अशा माणसाच्या हवाली करू शकत नाही. एवढा हंगाम होऊ द्या. मग थांबू.”

“काय बोलली?” भैयाजींनी विचारलं.

“भाकरी आवडली म्हणतात.”

“कांताबाई, अजून एक वाढा त्यांना,” भैयाजी म्हणाले.

मी हात धुवायचं निमित्त करून उठलो. या गावातली सगळी नेटं दोत्तोरेस्सांच्या एकाच वाणावर चालली होती. कांताबाईंनी तर माझ्या शब्दावर कापसाचं रान कमी करून नेट वाढवलं होतं. आता हे काम जाणार होतं, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता, कारण बातमी फक्त मला कळत होती.

गोठ्यामागं जाऊन मी मॅडमना फोन लावला. झालं ते सांगितलं.

“म्हणजे परत सगळ्यांशी सहमत झालात?”

“झालो.”

“मग आता आत जा आणि भांडा. आवाज चढला तरी चालेल. तिकडे जेवताना वाद घालतात तो आपलं मानूनच. नुसतं हो-हो करणारा माणूस त्यांना काहीतरी लपवतोय असं वाटतं.”

“मॅडम, कस्टमर आहे हो.”

“कस्टमरशीच भांडा. माझा वर्ग चालू आहे, ठेवते.”

मी परत येऊन बसलो. भैयाजींना विचारलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, म्हणून विचारलंच नाही. “नोन सोनो दाकोर्दो,” मी म्हणालो. मी सहमत नाही. आवाज जरा जास्तच लागला. ओसरीवरची कोंबडी उडाली.

अडचण अशी, की तयार भाषण माझ्याकडे एकच होतं. शहराच्या मध्यभागी गाड्यांना बंदी असावी का, हा त्या शनिवारचा होमवर्क. मी तेच सुरू केलं आणि गाड्यांच्या जागी मिरची घातली. प्रथमतः, दुप्पट होणार नाही. शिवाय, त्याच वेळी कापूस येतो आणि हात पुरत नाहीत. एवढंच नव्हे तर, उन्हाळ्याचं विसराच. आणि शेवटी, मघाशी मी हो म्हणालो ते सवयीनं.

दोत्तोरेस्सा ताठ बसल्या. “मग नव्या बायकांना शिकवा. महिना पुरतो.”

“पुरत नाही. कळीवर हात बसायला अख्खा हंगाम जातो.”

“पराग लावायला हंगाम लागतो? काहीतरीच.”

“कळी सोलायला लागतो.”

“मग कळ्या जुन्यांना द्या, पराग नव्यांना. हे कुणी सुचवलं नाही तुम्हाला?”

नव्हतं सुचवलं. मी तरीही भांडत राहिलो, कारण थांबायचं कसं, हा धडा अजून झाला नव्हता. दोघांचेही हात हवेत होते.

“साहेब, पाव्हणीवर वरडू नका,” कांताबाई घाबरून म्हणाल्या. “ताटावर बसल्यात त्या.”

भैयाजी माझा शर्ट ओढत होते. “पाठक, पागल झाला का?”

“भैयाजी, जरा थांबा. पेपर चालू आहे.”

मग दोत्तोरेस्सांनी मला हातानंच गप्प केलं आणि कांताबाईंकडे वळल्या. तुम्ही सांगा, किती जमेल? या वेळी मी शब्दाला शब्द लावून सांगितलं, प्रश्नही आणि उत्तरही.

“हाय तेवढं बराबर करून देतो,” कांताबाई म्हणाल्या. “बाई म्हन्त्यात तशी कामं वाटली तर दोन नेटं वाढवू. त्याच्यावर एक बी न्हाई.”

दोत्तोरेस्सांनी मान हलवली. “बेने.” म्हणजे ‘छान’. “आता तुमच्या ‘हो’चा मला उपयोग आहे,” असं मला म्हणाल्या आणि चटणी मागितली.

क्षेत्र आहे तेवढं राहिलं, वर दोन नेटं वाढली. त्या हंगामाचं बी नंतर पेरून पाहिलं, झाडं एकसारखी येतात का ते तपासायला. एकसारखी आली. लॉट पास झाला, कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू राहिलं. नव्या बायका आता सकाळी पराग लावतात आणि संध्याकाळी जुन्यांच्या शेजारी बसून कळी शिकतात. दोत्तोरेस्सांची मेल येते, मी उलट उत्तर लिहितो, त्या त्याहून लांब लिहितात. गोसावी मॅडमनी ओरलला मला पास केलं. वेळ संपल्यावरही वाद थांबवला नाही म्हणून थोडे मार्क कापले, पण ते कापताना हसत होत्या. त्यांचे, कांताबाईंचे, आणि ज्या बाईंनी रागावून निघून जायच्या ऐवजी रागावून भांडण केलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. भैयाजींचेही, फी त्यांची होती.

यातून शिकलो ते एवढंच, की माणसाला ‘नाही’ म्हणता येतं. मला ते इटालियनमध्ये जमतं, मराठीत अजून जमलेलं नाही. परवाच भैयाजींनी विचारलं, रविवारी ऑफिसला येशील का.

मी आज रविवारी हे ऑफिसात बसून लिहितोय.