हाताची जागा

रत्नागिरीत असा एकही नळ नसेल, की ज्याचं हँडल आमच्या घरमालक काकांनी निदान एकदा फिरवून पाहिलं नाही. एसटी स्टँडवरचा, देवळाच्या आवारातला, दवाखान्यातला. पाणी असो वा नसो. सावर्ड्याला पुतणीच्या लग्नात पंगत बसली तरी काका सापडेनात. शेवटी मांडवामागच्या टाकीजवळ उकिडवे बसलेले मिळाले. हँडल भिंतीला खेटून बसवलंय, उघडणाऱ्याची सालटी निघतील, असं ते व्याह्यांना समजावत होते आणि व्याही बिचारे मान डोलावत होते. मी खोली मागायला त्यांच्या पडवीत उभा राहिलो तेव्हाही त्यांनी गाव, जात, पगार काही विचारलं नाही. हात पुढे करायला लावले, मुठीच्या हाडांवरचे ओरखडे पाहिले नि म्हणाले, "कुठल्या गाढवानं बसवलाय रे तो व्हॉल्व्ह?" मी उदगीरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, कारखान्याच्या बांधकामावरचा हंगामी कामगार. परक्या मुलखात माझ्या ओरखड्यांवर रागावणारं कोणीतरी भेटलं, एवढ्यानंच मला भरून आलं.

काका त्याच कारखान्यात पाइपांची ड्रॉइंगं करत. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि ड्रॉइंगच्या खात्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याची खोली थंडगार, चपला बाहेर काढून आत जायचं. भर मे महिन्यात काका काखेत स्वेटर मारून निघाले की शेजारी विचारत, "काय काका, महाबळेश्वर का?" पण काकांचं दुःख वेगळंच होतं. त्या कॉम्प्युटरला व्हॉल्व्ह काढता यायचा, त्याचं हँडल काढता यायचं नाही. म्हणजे हँडलच्या जागेतून दुसरा पाइप खुशाल आरपार नेला तरी यंत्र म्हणणार, सगळं ठीक. यावर काकांनी तोड काढली. त्या यंत्राला टाक्या काढता येत होत्या. मग ड्रॉइंगमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर त्यांनी एकेक चपटी टाकी बसवली, हँडलाएवढी, वर चार बोटं जास्त, मूठ फिरायला. टाकी पाहिली की यंत्र तिथे पाइप घुसू देईना. टाकी केवढी हवी याचा विचार घरीही चाले, काकूंचं सूप हँडलासारखं हातात धरून, दारात, मोरीत, माजघरात. काकू तांदूळ पाखडायला बसल्या की सूप जागेवर नसे. "ह्यांना पोर नाही झालं, व्हॉल्व्ह झाला," असं त्या मला हसत हसत सांगत. हसणं जरा लवकर आवरत. यंत्राने छापलेल्या सामानाच्या यादीत या टाक्याही आल्या आणि मुंबईच्या खरेदी खात्यातून विचारणा आली, की एवढ्या चपट्या टाक्या कशाला, त्यांत काय साठवणार? काकांनी उलट कळवलं, 'माणसाचा हात.'

कारखान्याचा पहिला भाग मात्र काकांच्या टाक्यांच्या आधीचा. तिथे एक व्हॉल्व्ह फिरवायला मी रंगाचा डबा पालथा घालून त्यावर चढलो आणि नेमके मॅनेजरसाहेब आले. मी आधीच उंचीला कमी. साहेब ओरडले नाहीत, शांतपणे एवढंच म्हणाले, की कायम करताना उंच माणसं घेऊ. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गावाकडे बहिणीचं लग्न माझ्या नोकरीच्या भरवशावर ठरलेलं होतं.

काकांना कळलं तेव्हा त्यांनी धीरबीर काही दिला नाही. पडवीतल्या खांबाला मला टेकवून उभं केलं नि टेप लावली. खांदा, कोपर, वाकवलेला हात. "शर्ट शिवताय काय त्याला?" काकूंनी विचारलं. काका आकडे टिपत राहिले.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाची ड्रॉइंगं साहेब बघणार होते. कागदांची भेंडोळी आणायला काकांनी मुद्दाम मला बोलावलं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचे पाइप, आणि त्यांच्यात एक माणूस उभा. उभं पिंप म्हणजे धड, गोल टाकी म्हणजे डोकं, दोन वाकडे पाइप म्हणजे हात. साहेबांनी विचारलं, हा कोण?

"हा इथं काम करणारा माणूस," काका म्हणाले. "ह्याचा हात पोचला की सगळ्यांचा पोचतो. उंचाला वाकता येतं साहेब, ह्याला वाढवता येत नाही."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. किंचित हसले असावेत. व्हॉल्व्ह त्या पिंपाच्या मापाने बसले. भाग सुरू झाला तेव्हा मी कायम झालो.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हँडलं कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात म्हणे. कोणाला टाक्या बसवाव्या लागत नाहीत. आमच्याकडे नवी उंच पोरं येतात, दिवसभर वाकून कंबर धरतात नि कुरकुरतात, की कुठल्या बुटक्यासाठी बांधलंय हे? मी आपला पुढे सरकतो. हँडल धरतो, कोपर जिथे वाकायला हवं तिथेच वाकतं, आणि मूठ पूर्ण फिरून येते, कशालाही न लागता. मुठीच्या हाडांवर ओरखडे आहेत अजून. सगळे जुने, काकांनी पाहिलेले.