डाव्या पोटरीचं माप

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला गुडघ्यापर्यंतची पँट शिवून देशील गो?"

मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एकाच घरात आहोत, पण साडी नाहीतर पायघोळ ड्रेस सोडून दुसरं काही घातलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. मोठे दीर आखातात नोकरीला असतात. मे महिन्यात ते सुट्टीवर आले की सगळ्यांनी दापोलीजवळच्या मुरुडला चार दिवस जायचं ठरलं होतं. आमचं घर रत्नागिरीत मांडवीला, समुद्रापासून पाच मिनिटांवर. पण इथे वाळूत पाय ठेवला की ओळखीचं कोणीतरी भेटतंच. "तिकडे मला कोण ओळखतंय?" वहिनी म्हणाल्या. "एकदा मोकळेपणी पाण्यात चालायचंय. पण पाय बघ किती सुटलेत. आधी ते घट्ट करते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम सुरू केला. मोबाईलवर व्हिडिओ लावून सकाळी परसदारी बैठका काढायच्या. मग जांभ्या दगडाच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायच्या. संध्याकाळी आम्ही दोघी मांडवीच्या वाळूत भराभर चालायचो. दर रविवारी मी टेप घेऊन त्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या मोजायचे. पहिल्या रविवारी दोन्ही पोटऱ्या बरोबर चौदा इंच भरल्या.

फेब्रुवारीत त्यांची डावी चप्पल वाटेत निसटायला लागली. निसटली तरी त्यांना कळायचं नाही, चार पावलं पुढे गेल्यावर मीच मागून सांगायचे. एकदा परत येताना मी वाळूतले आमचे ठसे पाहिले. वहिनींच्या उजव्या पावलाचे स्वच्छ उमटले होते. डाव्याच्या प्रत्येक ठशापुढे अंगठा घासत गेल्याची रेघ होती.

"पाय ओढताय का तुम्ही?"

"सवय नाही ना, दमतो तो," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी उजवी पोटरी साडेचौदा भरली. डावी साडेतेरा. टेप तिरका धरला असेल म्हणून मी पुन्हा मोजली. पुन्हा साडेतेराच. हाताला ती पोटरी मऊ लागली, आत काहीच नसल्यासारखी. वहिनी वरून माझ्याकडे बघत होत्या, चेहरा उत्सुक.

"किती झालं?"

"दोन्ही साडेचौदा," मी म्हणाले.

का म्हणाले, ते अजून मला नीट सांगता येत नाही. त्या खूश होत्या, एवढंच तेव्हा दिसत होतं. त्यांनी तिथल्या तिथे बैठका दुपटीने वाढवल्या.

पुढचे तीन रविवार मी असंच सांगत राहिले. डावी पोटरी तेराच्या खाली गेली. मी शिवायला बसले की परसदारी त्यांचे आकडे ऐकू यायचे, एक, दोन, तीन. मध्येच आवाज थांबला की माझा पाय मशीनच्या पायडलवर थांबायचा. मग पुन्हा आकडे सुरू व्हायचे. घरात कोणाला बोलले नाही. बोलले तर ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी आकडे सातवर थांबले आणि पुढे आलेच नाहीत. मी गेले तर वहिनी भिंतीला धरून पायरीवर उभ्या होत्या. पडल्या नव्हत्या.

"हे बघ गो," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी उजवा पाय उचलला आणि एकट्या डाव्याची टाच वर करायला गेल्या. टाच हलली नाही. कपाळावर घाम आला, तरी टाच दगडाच्या कडेखालीच लोंबत राहिली. "मी सांगतेय आणि तो ऐकत नाहीये."

तेव्हा मी सगळी खरी मापं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन आंघोळीचं पाणी काढलं.

इथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर, टाचेवर छोटी हातोडी मारून पाहिली आणि त्याच आठवड्यात एमआरआय करून घ्यायला सांगितलं. कमरेच्या मणक्यात, नसांना चिकटून गाठ होती. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. दीर मे महिन्याची सुट्टी अलीकडे घेऊन आधीच आले होते. सर्जनने विचारलं, "पाय बारीक होतोय हे कधी लक्षात आलं?" वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला आत्ताच." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. महिनाभर आधी आलो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी सर्जनना विचारू शकले असते. विचारलं नाही.

गाठ कॅन्सरची नव्हती. पण नसांत गुंतलेला थोडा भाग डॉक्टरांना काढता आला नाही. तो वाढतोय का, हे बघायला दर सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआयच्या मशीनमध्ये जावं लागतं. डाव्या पायाला पट्टा बांधून वहिनी चालतात. मुरुडचं नाव घरात कोणी काढत नाही.

त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. भाजी निवडताना हसतात, सणाला माझ्या हातावर मेंदी काढतात. फक्त संध्याकाळी फिरायला एकट्याच जातात. मागच्या आठवड्यात मी सोबत निघाले तर दारातच थांबून म्हणाल्या, "तू राहा गो. मी जाऊन येते." पुढची तपासणी पंधरा दिवसांवर आली आहे. काल त्या परतल्या तेव्हा उजव्या पायानेही जरा जपून पायरी चढल्या, असं मला वाटलं. या वेळी मी लगेच विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या नजरेला नजर न देता आत गेल्या.