दाराबाहेरचे बूट
काल माळ्यावरून हिवाळ्याचे कपडे काढताना आईचे तपकिरी बूट हाती लागले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा पांढरा डाग त्यांच्यावर अजून आहे. आईला स्मृतिभ्रंश होता. हा डाग पडला त्या सकाळी आइंडहोवन या आमच्या डच शहरात बर्फाचं वादळ होतं, ट्रेन बंद होत्या, मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि तेवढ्यात ती दार उघडून निघून गेली. पावलांच्या खुणाही बर्फानं बुजवून टाकल्या होत्या. रडकुंडीला येऊन मी सगळी गल्ली पालथी घातली, तेव्हा एका अनोळखी दारापाशी हे बूट दिसले, देवळाबाहेर ठेवावेत तसे जोडीनं. अशा बर्फात बूट बाहेर काढणारं दुसरं कोण असणार! बेल वाजवली, दार उघडताच तशीच आत घुसले. एका डच आजींच्या हीटरजवळ आई चहा पीत बसली होती. वर्षभर मला परकी समजून अदबीनं बोलणारी ती एकदम कडाडली, "लोकांच्या घरात बूट घालून येतेस? हेच शिकवलं का मी तुला?" मी बाहेर जाऊन बूट काढले आणि तिथेच, ओल्या मोज्यांनी बर्फात उभी राहून रडले. दुसऱ्या दिवशी ती मला पुन्हा "बसा ना" म्हणाली. काल तो डाग पुसायला फडकं घेतलं, आणि बूट तसेच ठेवून दिले.