उन्हाळी यादीतलं सातवं नाव आणायला रत्नागिरीला

दरवर्षी मे महिन्यात मी या ब्लॉगवर उन्हाळी वाचनाची यादी टाकते आणि दरवर्षी खाली कुणीतरी हटकून लिहितं, "तीच तीच नावं काय देता? नवीन कुणीतरी सांगा की!" यंदा माझ्याकडे खरंच नवीन नाव होतं. सुमतीकाकी. रत्नागिरीपासून पंधराएक किलोमीटर आतल्या एका वाडीत राहतात, वय पासष्टच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पदरमोड करून 'पाखाडीच्या खाली' हा कथासंग्रह छापला. त्याची एक प्रत माझ्याकडे पोस्टाने आली आणि वर्षभर माझ्या टेबलावर इतर पुस्तकांखाली दबून राहिली. जानेवारीत सहज उघडली आणि उभ्या उभ्या चाळीस पानं वाचली. तिकडे कुकरने किती शिट्ट्या दिल्या देव जाणे. वरणाचा कोळसा झाला.

पुस्तकात फोन नंबर होता. लावला. दुसऱ्या संग्रहाच्या सात कथा लिहून तयार आहेत म्हणाल्या, पण हाताने लिहिलेल्या आणि एकच प्रत. माझी एक मैत्रीण प्रकाशक आहे. तिने पहिलं पुस्तक वाचलं आणि लगेच म्हणाली, "मे अखेरपर्यंत आणून दे, दिवाळीच्या आत काढते." मी मोठ्या शहाणपणाने काकींना सांगितलं, "पोस्टाने अजिबात पाठवू नका हं, हरवेल. मी स्वतः पाडव्याला येते."

पाडव्याला गेले नाही. म्हटलं, मेमध्ये जाऊ. आंबेही खाता येतील, समुद्रही होईल, ब्लॉगला चार फोटोही मिळतील.

पहाटे पुण्याहून गाडी काढली. कराडपर्यंत रस्ता झकास, पुढे मलकापूर सोडलं की आंबा घाट. रुंदीकरणाचं काम चालू असल्याने साखरप्याच्या अलीकडे पाऊण तास धूळ खात उभी होते. तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा, उन्हाचं काही खरं नाही. साखरप्याला वडा-उसळ खाल्ली, बरी होती. सोबत यादीसाठी तीन नवी पुस्तकं घेतली होती. धरणात गेलेल्या गावावरची एका नवख्या मुलाची कादंबरी (पहिली शंभर पानं नेटाने काढा, पुढे सोनं आहे), एका नर्सबाईंच्या आठवणी (नक्की घ्या) आणि एक कवितासंग्रह, ज्याबद्दल मी गप्पच बसते. रत्नागिरीत बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली, एसी नसलेली, नऊशे रुपये. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. संध्याकाळी काकींना फोन केला, उद्या सकाळी येते म्हणून. "ये," एवढंच म्हणाल्या. आवाज पडलेला होता. मला वाटलं, उन्हाने असेल.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास वाडीत पोचले. गाडी वरच्या रस्त्याला लावायची आणि चिऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली जायचं. तीच पाखाडी, पुस्तकातली. मी अगदी हरखून गेले होते, प्रत्येक पायरीचा फोटो काढत उतरले! अंगणात आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची उतरंड, बाजूला पेंढ्याचा ढीग. काकींचे यजमान ओटीवर बसले होते. हायस्कुलात भूगोल शिकवायचे, सगळी वाडी त्यांना गुरुजी म्हणते. मी नमस्कार केला तर त्यांनी मान वर केली नाही.

काकी आतून पाणी घेऊन आल्या. "बस गो बाय. उन्हातून आलीस."

मी पाणी प्यायले आणि उत्साहाने पिशवी उघडली. त्यात वह्या-कागद ठेवायला नवी कोरी प्लास्टिकची फाइल आणली होती, चेन लावायची.

"ती ठेव आत," काकी म्हणाल्या. "कथा नाय राहिल्या."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, भाजीचं सांगावं तसं. गुरुजी शाळेत असल्यापासून उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. त्यातले थोडे काकींना लिहायला, बाकीचे आंब्याच्या पेट्यांना. पेटीच्या तळाला कागद, त्यावर पेंढा, मग आंब्याचे थर, ही इथली रीतच. काकींनी सगळ्या कथा त्या कोऱ्या बाजूंवर लिहिल्या होत्या. पाडव्याला मी येणार म्हणून त्यांनी गठ्ठा माळ्यावरून काढला, सुतळीने बांधला आणि दाराजवळ, आंब्यांच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. मी आल्या आल्या हाताला लागावा म्हणून. मी आले नाही. आज येईल, उद्या येईल करत तो तिथेच राहिला. चार दिवसांपूर्वी टेम्पो यायचा होता, गडी दोनच, घाई उडालेली. कागद संपले. गुरुजींनी फळीवरचा गठ्ठा ओढला. वरच्या पानावर छापलेलं होतं, 'इयत्ता सातवी, भूगोल, सहामाही परीक्षा.' त्यांनीच काढलेली प्रश्नपत्रिका. उलटून कशाला बघतील?

"सुतळी माझ्या हाताने सोडली मी," गुरुजी ओटीवरून म्हणाले.

टेम्पो वाशीच्या बाजाराला गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकींच्या लक्षात आलं. दलालाला फोन केला. तो बिचारा बरा माणूस, पण पेट्या पहाटेच फुटल्या होत्या, वेगवेगळ्या माणसांनी नेल्या होत्या. कागद कोण जपतो?

मी रडायला लागले, आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं रडू लाजेचं होतं. महिनाभर आधी, सांगितलेल्या दिवशी गेले असते तर गठ्ठा त्या फळीवर राहिलाच नसता. "काकी, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुझी नाय नि ह्यांची पण नाय. जेवून जा. बांगडे आणलेत." मग हळू आवाजात, "ह्यांच्यासमोर जास्त बोलू नको गो. तीन दिवस धड जेवले नाहीत."

जेवलो. बांगड्याचं तिकलं, भात, सोलकढी. सगळं उत्तम होतं.

तिसऱ्या दिवशी काकींना डोळ्यांच्या तपासणीसाठी रत्नागिरीत यायचं होतं. मी गाडीने आणलं. दवाखान्यातून निघाल्यावर म्हणाल्या, "भाट्याला जाऊया? वर्षं झाली दर्या बघून." पंधरा किलोमीटरवर समुद्र आणि वर्षं झाली! सुरूच्या बनात गाडी लावली, सावलीत बसलो. पाणी मळकट होतं, वारा पडलेला, शहाळेवाला छत्रीखाली पेंगत होता. शहाळं साठ रुपये.

आणि काकी कथा सांगायला लागल्या. मी मागितल्या नव्हत्या. पहिली, मग दुसरी, समुद्राकडे बघत, मध्येच थांबत, "नाय, त्याच्या आधी असं होतं," म्हणत. फार सुरेख सांगत होत्या. तिसरी गंगूची. नवरा मुंबईला खानावळीत कामाला, दर शिमग्याला येणारा. मग सात वर्षं पत्ता नाही. आठव्या वर्षी पालखी घरासमोरून पुढे जाते आणि दारावर थाप पडते. गंगू आत उभी, हात कडीवर.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. प्रकाशक मैत्रीण. मी उठले, बनाच्या टोकाला गेले आणि तिला सगळं सांगत बसले, चांगली दहा-बारा मिनिटं. "अगं, रेकॉर्ड तरी कर सगळं!" ती ओरडली. धावत परत आले तर काकी पदराने चष्मा पुसत होत्या. गोष्ट संपली होती. नजर समुद्रावर, डोळ्यांत दवाखान्यात घातलेलं औषध, मी उठून गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्या सांगतच राहिल्या होत्या.

"कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"फार छान," मी म्हटलं. पुन्हा सांगा म्हणायला जीभच रेटली नाही. रेकॉर्डिंगचं विचारलं तर म्हणाल्या, "आता दमले गो. पुढच्या नको आज." त्यांना वाडीत सोडलं. गुरुजी पाखाडीच्या वरच्या पायरीवर उन्हात उभे होते, त्यांची वाट बघत.

परतताना गणपतीपुळ्याला वाकडी वाट करून जायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. सरळ घाट चढले. घरी येऊन बॅग उपसली तेव्हा खर्चाची वही सापडली. पेट्रोल, टोल, लॉज, शहाळं, साखरप्याची वडा-उसळ, सगळं व्यवस्थित, रुपया न चुकता लिहिलेलं. काकींनी सांगितलेल्या गोष्टींतली एक ओळ नव्हती कुठे. मैत्रीण आठवडाभर हळहळली आणि तिने त्या जागी दुसरं पुस्तक घेतलं. तिचंही बरोबरच आहे, छापखाना थांबत नाही. सातवं नाव काकींच्या नव्या संग्रहाचं असणार होतं, त्यामुळे माझी यादी यंदा सहाच पुस्तकांची आहे, वर तीन सांगितली, बाकीची खाली दिली आहेत. 'पाखाडीच्या खाली' हवं असेल तर मला लिहा, काकींकडे थोड्या प्रती आहेत.

यादी टाकणार होते त्याच दुपारी काकींचा फोन आला. आवाज जरा उघडला होता. गुरुजींनी स्वतः एसटीने जाऊन दोन डझन नव्या वह्या आणल्या होत्या, रेघांच्या. रोज सकाळी काकींसमोर ठेवतात आणि शेजारी बसून राहतात.

"लिहायला बसले गो परत," काकी म्हणाल्या. "दोन झाल्या. गंगूची अडलेय. शेवट मी चारदा बदललेला कागदावर, कुठला ठेवलेला तेच आठवत नाय. त्या दिवशी दर्यावर बरोबर आला होता बघ तोंडात. तू ऐकलास ना? गंगू दार उघडते की नाय?"

खरं सांगायला हवं होतं. मी ऐकलं नाही, मी फोनवर होते, एवढंच. पण त्या आनंदात होत्या, मागे गुरुजी पेन शोधत असल्याचा आवाज येत होता.

"उघडते, काकी," मी म्हटलं.

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"उघडते?" म्हणाल्या. "बरं. तू म्हणतेस तर तसंच लिहिते."