मावसाजींनी पारखलेलं इंजिन

साऱ्या वऱ्हाडात माणसाच्या तोंडाआधी त्याचे पाय पाहणारा एकच गृहस्थ होऊन गेला, तो म्हणजे आमचे मावसाजी. मूर्तिजापूरच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की मावसाजींना सोबत नेल्याशिवाय तो बाजाराला निघत नसे. ते बैल चालवून बघत, दात बघत, ओंजळीतून पाणी पाजत आणि शेवटी त्याच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहत. ही खोड इतकी मुरली की माणसंही तिच्यातून सुटली नाहीत. जावई पसंत करताना त्यांनी त्या बिचाऱ्याला "तेवढा तांब्या आना जी" करत अंगणातून चार वेळा फिरवला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना तर मी समोर बसलेला असताना बेधडक सांगितलं, "पोरगं कामाले ढिलं आहे, पन मारकं नाही." सासऱ्यांनी तेवढ्यावर मुलगी दिली.

आम्ही हसायचो, पण जपूनच. गावच्या पाटलाने एक देखणा काळा बैल आणला, तेव्हा मावसाजींनी त्याच्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. म्हणाले, "जनावर उमदं आहे, पन जाईन तवा एकटं जानार नाही." पाटील चिडला. आठव्या दिवशी तो बैल मोटेसकट विहिरीत गेला आणि मोट हाकणारा गडीही. तेव्हापासून मावसाजी पायांकडे पाहू लागले की चांगली धट्टीकट्टी माणसं पाय धोतरात ओढून घेत.

मी तेव्हा अकोल्याच्या कापूसबाजारात कारकून होतो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते आणि रुळांवरच्या गाड्या पुऱ्या पडत नव्हत्या. आगगाडीच्या कंपनीने विलायतेहून नवी इंजिनं आणि लांब पल्ल्याचे डबे मागवल्याची बातमी मी गावी जाऊन सांगितली. मावसाजींचा घास हातातच राहिला.

"पाहाले कोन गेलं होतं?"

"कुणी नाही. पत्र लिहून मागवतात."

"न पाहता? हात न लावता? आन् त्याच्यात मानसं बसवून राहिले?"

यात हसण्यासारखं होतं, पण मावशी हसली नाही. त्यांची एकुलती एक लेक गंगू त्याच नव्या गाडीने मुंबईला निघायची होती. जावयाला तिथे कापसाच्या गोदामात नोकरी लागली होती. मावसाजींनी नकार दिला असता तर गंगू जाणार नव्हती, आणि जावई एकटा गेल्यावर कधी परतेल याचा नेम नव्हता. पोर आठ दिवस बापाच्या तोंडाकडे पाहत वावरली. मावसाजी एवढंच म्हणाले, "आधी पाहू."

अकोल्याच्या फलाटावर भर दुपारी ते इंजिन उभं होतं. आमच्याकडे नवं जनावर दारात आलं की त्याच्यावरून भाकर ओवाळतात आणि शिवेबाहेर टाकतात. इडापिडा तिच्यासोबत जाते, म्हणून ती भाकर घरचं कुणी खात नाही. मावसाजींनी गाठोड्यातून भाकर काढून इंजिनावरून तीनदा ओवाळली. गोरा ड्रायव्हर पोट धरून हसला. मग त्यांनी त्या तापलेल्या लोखंडावर तळहात टेकला. मी ओरडलो, "पोळेल!" त्यांनी डोळे मिटले होते. आजूबाजूचा गलका मला एकाएकी ऐकू येईनासा झाला. मी त्यांचा हात ओढून घेतला, तर तो पोळला नव्हता. बर्फासारखा गार होता.

गंगू डब्याच्या दारात उभी होती. मावसाजी तिच्याकडे पाहून हसले. "काई खोट नाही. जाय बेटा, सुखानं जाय."

गाडी दिसेनाशी झाल्यावर ते फलाटावर बसले आणि ओवाळलेली भाकर खाऊ लागले.

"मावसाजी, ही तर..."

"मले सांगतं काय? पाटलाचा काळा आठवते ना तुले? तसंच लागलं हाताले. पोरीले काय सांगू? संसार आहे तिचा." त्यांनी शेवटचा तुकडा चावून चावून गिळला. "झालं. आता कोनाले बोलू नको."

गंगू सुखरूप पोहोचल्याचं पत्र मीच गावी नेऊन वाचलं. मावसाजींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि पोरीगत टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना पाणी दाखवायला गेले आणि गव्हाणीपाशी बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना दुखणं कसलंच नव्हतं. तेराव्याला मावशीने मला बाजूला घेऊन विचारलं, "अकोल्याले काई खाल्लं होतं काय रे त्याईनं?" मी म्हणालो, "नाही."

अजूनही मला बाजारात कुणी खाली वाकून बैलाचे पाय पाहताना दिसलं की उगाच थांबावंसं वाटतं. मावसाजींची फार आठवण येते. गंगू दरसाल माहेरी येते ती त्याच गाडीने. गाडी वाटेत हेलकावली, कुणी घाबरलं, तर म्हणे ती साऱ्या डब्याला ठणकावून सांगते, "भेता काऊन? माह्या बाबानं हात लावून पाह्यलेली गाडी आहे." मला ती हे हसत हसत सांगते. मी तिचं गाठोडं उचलतो आणि बैल जुंपलेल्या बंडीकडे चालू लागतो.