खंदकात पडलेली डबी

बसवकल्याणच्या किल्ल्याचे दरवाजे, तट आणि तोफा अजून शाबूत आहेत. वडिलांना वरच्या बुरुजावरची तोफ पाहायची होती. सव्वाबाराला त्यांनी पायथ्याशी, गाडीतच इन्सुलिन घेतलं. वर पोचून लगेच भाकरी खायची, असं ठरलं होतं. चढताना ते दोनदा थांबले. ह्या पायऱ्या दुश्मनासाठी बांधल्यात, म्हाताऱ्यासाठी न्हाईत, असं म्हणून हसले.

तटावर खंदक बघायला ते भिंतीतल्या फटीतून वाकले. गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी खाली गेली. दगडावर दोनदा वाजली. मग काही ऐकू आलं नाही.

लिंग अंगावर नसताना वडील अन्नपाणी घेत नाहीत. मी पाळत नाही, ते पाळतात. मी भाकरीचा डबा उघडला, त्यांनी झाकण परत लावलं.

एक पहारेकरी जवळच होता. खंदकात उतरायची वाट त्याला माहीत होती. झुडपात साप असतात, तुम्ही येऊ नका, असं मला बजावून तो निघाला. तसंही वडिलांना सोडून जाणं शक्य नव्हतं.

पाऊण वाजता त्यांच्या कपाळावर घाम आला. सावलीत बसवलं तरी थांबेना. इन्सुलिन घेतलंय, खाल्लं नाही तर साखर उतरेल, याची मी आठवण करून दिली.

"कामून घाबरायलीस अक्का? सापडतंय की."

एक वाजता त्यांचे हात थरथरू लागले. खाली पहारेकऱ्याची काठी झुडपांवर आपटत होती. मी वरून हाक दिली. अजून न्हाई, असं उत्तर आलं. मी पर्समधली ग्लुकोजची पुडी काढली. वडिलांनी ओठ मिटून घेतले. दहा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारली आणि मान भिंतीला टेकवली. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी बोटावर ग्लुकोज घेतलं आणि त्यांच्या गालाच्या आतून चोळलं. मग दुसऱ्या गालात. त्यांनी अडवलं नाही. अडवायची ताकद उरली नव्हती, की संमती होती, हे मला ठरवता आलं नाही. माझं बोट त्यांच्या दातांना लागत होतं.

डबी घेऊन पहारेकरी वर आला, तेव्हा वडील मला ओळखू लागले होते. मी दोऱ्याला गाठ मारून ती त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. हात हलत होता म्हणून मी खालून आधार दिला. पूजा आटोपल्यावर त्यांनी भाकरी खाल्ली, पाणी घेतलं.

उतरताना ते एका पायरीवर थांबले.

"मधी मला काही चारलीस का?"

"न्हाई अप्पा."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझा खांदा धरला आणि पुढची पायरी उतरले.